आठ वेळा तोडलेली कॉइल

मी शेगडीची कॉइल बोलतेय. नमस्कार करणार नाही. ज्या हातांनी माणसं नमस्कार करतात, त्याच हातांत पक्कड धरतात, हे मी फार जवळून पाहिलंय. ऐकायचं असेल तर ऐका, नसेल तर लागा आपापल्या कामाला. मला आता कुठं जायचं नाही, वेळ भरपूर आहे आणि रागही भरपूर आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तार ओढणाऱ्या यंत्रानं मला ओढलं, दुसऱ्या यंत्रानं बारीक सळईभोवती गुंडाळलं आणि मला वळणं दिली. वळणं मिटलेली असताना मी जेमतेम वीतभर होते. पण दिसण्यावर जाऊ नका. माझी बोटभर वळणं उलगडलीत तर हातभराच्या वर तार निघते. माणसं वरवर बघतात आणि बोटभर म्हणून सोडून देतात.

माझं काम काय, तेही सांगते, कारण सात वर्षं मला वापरणाऱ्यांनाही ते माहीत नव्हतं. तांब्याची तार विजेला वाट देते. मी अडवते. अडवता अडवता मी तापते, लाल होते आणि त्या तापावर तुमचा चहा उकळतो. या अडवण्याला पुस्तकात रोध म्हणतात. माझी तार जितकी लांब, तितका माझा रोध जास्त. तार कमी झाली की रोध कमी, वीज जास्त घुसते आणि मी जास्त तापते. यात न समजण्यासारखं काही नाही. तरी समजलं नाही.

सोलापुरात मी एका दुकानाच्या फळीवर चार महिने पडून होते. चिनी मातीच्या थाळीत नागमोडी खाच, त्या खाचेत मी, वर लोखंडी जाळी, खाली पत्र्यावर छापलेलं: २३० व्होल्ट, १५०० वॅट. तिथून मला दाक्षायणीनं उचललं. अक्कलकोट रोडच्या बाजूला यंत्रमागांची वस्ती आहे, त्या वस्तीत तिचं दोन खोल्यांचं घर. ती कडक भाकरी करून विकते. ज्वारीची, पापडासारखी पातळ, महिनाभर टिकणारी. नवरा गुरुशांत पुण्याला कंपनीत, सणावारी येणार. घरात ती, तिची मुलगी प्रियंका आणि सासरा बसलिंगप्पा.

या बसलिंगप्पाला मी अहोजाहो करणार नाही. गल्ली करते, करू दे. चाळीस वर्षं तो माग कारखान्यात जॉबर होता, म्हणजे बिघडलेले माग चालू करून देणारा कारागीर. कानाला कमी ऐकू येतं, मागांच्या खटखटाटानं कान गेले. पण हात शाबूत होते आणि त्या हातांचा त्याला भारी अभिमान होता. मागाचं बेअरिंग तापलंय का ते तो तळहाताची उलटी बाजू लावून सांगायचा. मीटर, आकडे, कागद हे सगळं त्याच्या मते हात नसलेल्या माणसांसाठी.

दाक्षायणीचंही कौतुक मी करणार नाही. सकाळी आठला मला पेटवायची, दुपारी दोनला बंद करायची. पिठाचे हात माझ्यावरच झटकायची. भाकरीवर फिरवलेलं पाणी जाळीतून थेंब थेंब माझ्या लाल अंगावर पडायचं. तापलेल्या अंगावर गार पाणी कधी घेऊन बघा. शिवाय भाकरी कडक करायला फडक्याची गुंडी करून तव्यावर दाबायची, ते सगळं वजन जाळीवर. जाळी वाकली होती. तिला वेळ नव्हता, मला पर्याय नव्हता.

दुसऱ्या वर्षी मी तुटले.

तुटले म्हणजे एका वळणावर तार जळून दोन टोकं झाली. शेगडी थंड. दाक्षायणी हळहळली. आणि बसलिंगप्पा पुढं सरसावला. डोळ्यांत चमक, जणू पुन्हा कारखान्यात बोलावणं आलं.

"मामा, नवी कॉइल आणू का? दुकानात मिळती म्हणं," दाक्षायणी म्हणाली.

"कशाला? धागा तुटला तर काय नवा ताणा आणतो व्हय आपण? गाठ मारायची, माग चालू!"

इथंच सगळी चूक आहे. नीट ऐका. मागावर धागा तुटला की दोन टोकांची गाठ मारायची आणि माग पळवायचा, हा त्याचा चाळीस वर्षांचा धर्म. बोटभर सूत कमी झालं म्हणून चादरीला काही होत नाही. त्यानं मला सूत समजलं. पक्कडीनं माझी दोन्ही जळकी टोकं कापली, उरलेली टोकं एकमेकांत पिळली. मी खाचेत अपुरी पडायला लागले, तेव्हा गुडघ्यावर धरून मला ताणलं. ताणल्यावर मी पुन्हा खाचेत बरोबर बसले. झालं! तो हसला. त्याला वाटलं, मी पहिल्याइतकीच लांब झाले.

अरे माणसा, ताणल्यानं तार वाढते का? वळणं सैल झाली, एवढंच. तार तुझ्या पायाशी पडलेली होती. त्या तुकड्यानं त्यानं मागच्या दाराची मोडकी कडी बांधून टाकली. दारातून कुणी आलं-गेलं की माझंच अंग किरकिरायचं.

आणि खरी संतापाची गोष्ट पुढं. शेगडी चालू केली तर ती आधीपेक्षा लवकर तापली. तापणारच! रोध कमी झाला, वीज जास्त आली. पण त्याचं श्रेय कुणाला?

"बघितलंस का? माज्या हातचं काम हाय. कंपनीनं दिली त्यापरीस भारी चालती!"

"व्हय की मामा, लई लवकर तापती आता," सून म्हणाली.

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मला जखम झाली होती आणि हे दोघं तिला गुण म्हणत होते. तिथून पुढं पाच वर्षांत मी आणखी सात वेळा तुटले, कारण जास्त तापणारी तार जास्त तुटते. प्रत्येक वेळी पक्कड, प्रत्येक वेळी गुडघा, प्रत्येक वेळी शाबासकी. एकूण आठ वेळा. मी मोजल्यात. दुसरं कोण मोजणार?

हळूहळू माझ्या मनात सुडाची भावना आली. लपवत नाही. मला हे घर जाळायचं होतं.

पण एक अडचण होती. या वस्तीत दिवसभर माग चालतात. शेकडो मोटारी एकाच डीपीवर, म्हणजे वस्तीच्या ट्रान्सफॉर्मरवर, त्यामुळे व्होल्टेज पडतं. बल्ब पिवळा पडतो, पंखा रेंगाळतो. मला पुरेसा जोरच मिळायचा नाही. लोकांनी तक्रारी करून करून डीपीवरचं व्होल्टेज वाढवून घेतलं होतं, तरी माग सुरू असताना ते खालीच. मात्र ज्या दिवशी माग बंद, त्या दिवशी वाढवलेलं व्होल्टेज उसळून वर यायचं. सुटीच्या दिवशी दाक्षायणीही सुटी घ्यायची म्हणून घर वाचत होतं. मी वाट बघत होते. माग बंद आणि शेगडी चालू असा एक दिवस मला हवा होता.

प्रियंका तोवर पॉलिटेक्निकला इलेक्ट्रिकलच्या दुसऱ्या वर्षाला गेली. चष्मा, दोन वेण्या, खांद्याला सॅक आणि तोंडात सतत प्रश्न. डिसेंबरात एका दुपारी ती कॉलेजातून चिमट्यासारखं मीटर घेऊन आली. त्याचा जबडा वायरीभोवती धरला की आतून किती अँपिअर वीज वाहते ते दिसतं.

"अव्वा, शेगडी बंद करू नको. मला करंट मोजायचाय," ती आईला म्हणाली.

तिनं शेगडीच्या अख्ख्या केबलीला चिमटा लावला. मीटरवर आलं शून्य.

बसलिंगप्पा पोट धरून हसला. "शून्य! म्हंजे शेगडी वीज खातच न्हाय! वीज बोर्डाला कळवा, बिल माफ करतील."

पोरगी लाल झाली. मलाही हसू आलं, पण ते कडवट. केबलीत दोन वायरी असतात, एकीतून वीज जाते, दुसरीतून परत येते. दोन्हींना एकत्र धरलं तर मीटरला येणं-जाणं सारखंच दिसतं आणि ते शून्य दाखवतं. पुस्तक वाचून आलेल्या या बाईसाहेब एवढं विसरल्या. मग तिच्या लक्षात आलं. प्लग काढून, वरचं रबर चिरून तिनं दोन वायरी वेगळ्या केल्या, प्लग परत घातला आणि एकीलाच चिमटा लावला.

"नऊ अँपिअर," ती म्हणाली. मग बोर्डावर व्होल्टेज बघितलं. "एकशे एकोणनव्वद. नऊ गुणिले एकशे एकोणनव्वद..." वहीच्या मागच्या पानावर गुणाकार केला. "सतराशे एक वॅट. पत्र्यावर पंधराशे लिवलंय. दोनशे जास्त हाय. पण एक्स्टेन्शन बोर्ड दहा अँपिअरचा, ही घेती नऊ. चालतंय."

"चालतंयच की," आजोबा म्हणाला. "मीटर बी तेच सांगतंय, जे मी सांगतो."

मी जाळीखाली कण्हत होते. अगं, तू गुणाकार केलास, भागाकार कुठं केलास? व्होल्टला अँपिअरनं गुणलं की आज, या घटकेला मी किती वॅट जाळतेय ते कळतं. तेवढंच. व्होल्टला अँपिअरनं भागलं असतंस तर मी कोण आहे ते कळलं असतं. एवढ्या कमी व्होल्टेजला धडधाकट कॉइल साडेपाच अँपिअरसुद्धा घेत नाही, मी नऊ घेतेय, याचा तुला काहीच अर्थ लागला नाही? पण ती मीटर सॅकमध्ये टाकून चहा प्यायला बसली. मला तिचाही राग आला. न शिकलेल्या म्हाताऱ्यापेक्षा अर्धवट मोजणाऱ्या पोरीचा जास्त आला.

आणि त्याचबरोबर मला आनंदही झाला, कारण आता मला अडवणारं कुणी उरलं नव्हतं.

जानेवारीत गड्ड्याची जत्रा आली. सिद्धेश्वराची यात्रा म्हणजे सोलापूरकरांना दुसरं काही सुचत नाही. माग बंद. गल्ली नवे कपडे घालून जत्रेला. आणि नेमकी त्याच वेळी दाक्षायणीला आयुष्यातली सगळ्यात मोठी ऑर्डर मिळाली होती. जत्रेतल्या एका खाऊच्या स्टॉलवाल्यानं पाचशे कडक भाकरी सांगितल्या होत्या. दुपारी चारला तो टेम्पो पाठवणार होता. बाईनं शब्द दिला होता. पहाटेपासून पीठ मळायला घेतलं, सातला शेगडी पेटवली.

मी ज्याची वाट बघत होते, तो दिवस उजाडला.

त्या दिवशीची वीज मी कधी विसरणार नाही. माग गप्प, वस्ती गप्प आणि वायरीतून वीज अशी धावत आली की मी लाल नाही, नारिंगी झाले. तवा मिनिटात तापला. भाकरी भराभर उतरत होती.

"आज कशी चांगली चालती बघा शेगडी," दाक्षायणी म्हणाली.

"सिद्धरामाची कृपा," सासरा म्हणाला.

दहा वाजता भिंतीजवळच्या एक्स्टेन्शन बोर्डाला वास यायला लागला. कुणाच्या नाकात शिरला नाही, भाकरीचाच करपट वास घरभर होता. अकरा वाजता बोर्डाचं प्लास्टिक मऊ पडायला लागलं. त्या बोर्डाला लागून सुक्या भाकऱ्यांच्या पुट्ठ्याच्या खोक्यांची थप्पी होती. खोक्यांवर जुनी सुती चादर. मला बस, अजून तासभर हवा होता.

प्रियंका पलीकडच्या खोलीत जर्नल लिहीत बसली होती. जत्रेनंतर लगेच जर्नल तपासायला द्यायचं होतं. प्रयोगाचं नाव होतं, व्होल्टेज आणि करंटवरून रोध काढणे. कॉलेजात घेतलेली मापं तिनं लिहिली होती, तक्त्यात एक ओळ रिकामी होती. म्हणून तिनं घरच्या शेगडीची मापं तिथं टाकली. व्होल्टच्या रकान्यात एकशे एकोणनव्वद, अँपिअरच्या रकान्यात नऊ. आणि पुढं तिसरा रकाना होता. तो रिकामा ठेवता येत नव्हता, मॅडमनी गुण कापले असते. केवळ गुण कापतील म्हणून तिनं भागाकार केला.

"एकवीस," ती पुटपुटली. मला भिंतीपलीकडून ऐकू आलं.

मग पेन थांबलं. तिनं दोनशे तीसला एकवीसनं भागलं असावं, कारण जराशानं तिचा आवाज आला, "अकरा कसे? पंधराशे वॅटला साडेसहा पायजेत." खुर्ची सरकली. ती मीटर घेऊन बाहेर आली आणि दारातच तिनं दुसऱ्या प्लगमध्ये मीटरच्या सळया घातल्या.

"दोनशे बावन्न! अज्जा, आज माग बंद हायेत! दोनशे बावन्न भागिले एकवीस, बारा. बारा अँपिअर! अव्वा, शेगडी बंद कर! तीन हजार वॅट खाती ती! दुप्पट!"

खरं सांगते. सात वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझा आकडा मोठ्यानं उच्चारला होता. एकवीस. कापून कापून मी एवढीच उरले होते आणि कुणाला तरी ते कळलं होतं. माझ्यात काहीतरी हललं. पण रागाला आता थांबता येत नव्हतं. वीज येत होती आणि मी जळत होते.

दाक्षायणीनं तवा खाली उतरवला नाही. "अगं, तीनशे झाल्यात. दोनशे ऱ्हायल्यात. टेम्पो येनार चारला. मी शब्द दिलाय."

"शब्दाचं सोड अव्वा, बोर्ड दहाचा हाय!"

"तूच म्हणालीस की, चालतंय!"

"म्हणाले! चुकले मी! त्या दिवशी माग चालू हुते, व्होल्टेज पडलं हुतं, मला कळलं न्हाय!"

"सुम्मनिरू!" बसलिंगप्पा गरजला. म्हणजे गप्प बस. रागावला की त्याची कन्नड बाहेर येते. "काल शाळंत गेलेली पोर मला शिकवती? चाळीस वरसं मशीन हातानं वळकलंय. गरम हाय का गार, माजा हात सांगतो!"

आणि तो उठला. मागाच्या बेअरिंगला लावायचा तसाच त्यानं उजव्या हाताची उलटी बाजू त्या बोर्डाला लावली. नुसती लावली नाही, नातीला दाखवायला दाबली.

प्लास्टिक लोण्यासारखं झालं होतं. हात आत रुतला. आतल्या पितळी पट्टीला लागला. म्हातारा ओरडला नाही. त्याचं तोंड उघडं राहिलं आणि अंग ताठ झालं, हात सुटेना.

मला आनंद झाला. कशाला खोटं बोलू? आठ वेळा ज्या हातानं मला तोडलं, तोच हात होता.

"मामा!" दाक्षायणी पिठाचे ओले हात पुढं करून त्याला ओढायला धावली. दोन पावलांचं अंतर. त्या ओल्या हातांनी तिनं त्याला धरलं असतं तर दोघंही गेली असती, हे मला माहीत होतं. मी थांबणार नव्हते. दाक्षायणीशी माझं काही वैर नाही असं म्हणायला मला आवडलं असतं, पण त्या क्षणी माझं सगळ्यांशीच वैर होतं.

"अव्वा, हात लावू नको!" प्रियंकानं आईला खांद्यानं असा धक्का दिला की बाई पिठाच्या परातीवर पडली. मग पोरगी तीन उड्यांत दाराशी गेली आणि मेन स्विच खाली ओढला.

वीज गेली. मी काळी पडत गेले. म्हातारा भिंतीला टेकून खाली बसला. हाताच्या उलट्या बाजूची कातडी बोर्डालाच राहिली होती. खोक्यांवरच्या चादरीची कड तपकिरी झाली होती, तिच्यातून बारीक धूर निघत होता. प्रियंकानं तिच्यावर पाण्याची कळशी ओतली. पन्नासेक भाकरी भिजल्या. मग ती आजोबाजवळ बसली आणि रडायला लागली. "मी आधी बरोबर मोजलं असतं तर," एवढंच म्हणत होती.

टेम्पो आला तेव्हा अडीचशे भाकरी तयार होत्या, तेवढ्याच गेल्या. सासऱ्याला रिक्षानं दवाखान्यात नेलं. दोन बोटं आता नीट मिटत नाहीत. पक्कड धरता येत नाही.

मला उपटून खिडकीच्या कट्ट्यावर टाकलं. त्याच कंपनीची, त्याच छापाची नवी शेगडी आली. वायरमन येऊन जाड वायर आणि सोळा अँपिअरचा प्लग बसवून गेला. नवी कॉइल काय ऐटीत बसली होती खाचेत! मी तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही.

तीन आठवड्यांनी दुपारी प्रियंका पुन्हा मीटर घेऊन बसली. माग धडधडत होते. आजोबा शेजारी पाटावर, हाताला पट्टी.

"एकशे शहाण्णव व्होल्ट. पाच पॉइंट सहा अँपिअर. वॅट हजार अन् अठ्ठ्याण्णव."

"अकराशे बी न्हाय? पंधराशे लिवून फसवलं की दुकानदारानं."

"न्हाय अज्जा. गुणाकार रोज बदलतो. व्होल्टेज पडलं की वॅट पडतात, चढलं की चढतात. भागाकार करून बघा. तो बदलत न्हाय. एकशे शहाण्णव भागिले पाच पॉइंट सहा. पस्तीस."

म्हातारा म्हणाला, "आन ती जुनी? किती म्हणालीस तवा?"

"एकवीस."

"ती बी नवी हुती तवा?"

"पस्तीसच असणार अज्जा. ह्योच छाप."

त्यानं डाव्या हाताची बोटं एकेक करून मोजली. पेरांवर अंगठा फिरवत फिरवत. "चौदा," तो म्हणाला. "चौदा मी तोडून टाकले व्हय गं?"

प्रियंका मीटरची वायर गुंडाळायला लागली. मी बोलले असते. मी ओरडून सांगितलं असतं की हो, चौदा, आणि त्यातलं थोडं अजून तुझ्या मागच्या दाराला बांधलेलं आहे. पण कट्ट्यावर पडलेल्या तारेचं कोण ऐकतं?

रागाच्या भरात एक गोष्ट मी तुम्हाला सांगितलीच नाही. या गल्लीत बसलिंगप्पानं जोडून दिलेली मी एकटी नव्हते. गंगम्माची शेगडी, शरणम्माची, कोपऱ्यावरच्या चहावाल्याची, अशा अकरा शेगड्या त्यानं त्याच पक्कडीनं, त्याच गुडघ्यावर नीट केल्या होत्या. एक पैसा न घेता. त्याच्या हाताला गुण आहे म्हणून लोक आणून द्यायचे आणि जास्त तापते म्हणून आशीर्वाद देऊन जायचे. त्या अकराही जणी माझ्यासारख्याच तुटक्या, माझ्यासारख्याच चिडलेल्या, माग बंद पडायची वाट बघत बसलेल्या.

तो उठला. डाव्या हातानं चप्पल नीट केली.

"चल," तो नातीला म्हणाला. "मीटर घे."

"कुटं अज्जा?"

तो तोवर दाराबाहेर पडला होता. खिडकीतून मला गल्ली दिसते. समोर गंगम्माचं दार. तिथं तो उभा राहिला. बहिऱ्या माणसाला आपला आवाज किती चढलाय ते कळत नाही, म्हणून ते अख्ख्या गल्लीला ऐकू गेलं.

"गंगम्मा, शेगडी बंद कर. बिघडलीय ती. मी बिघडवलीय."

गंगम्मा हसली. तिला थट्टा वाटली. "काय म्हणता बसलिंगप्पाण्णा! लई झकास चालती की. तुमच्या हातचं काम हाय."

"म्हणूनच म्हणतो बंद कर," तो म्हणाला आणि पट्टी बांधलेला हात त्यानं तिच्यापुढं धरला.

तुम्हालाही तेच सांगते, विनंती म्हणून नाही, दरडावून. जुनी वस्तू एकदम भारी चालायला लागली तर पाठ थोपटून घेऊ नका. आधी मोजा, आणि मोजताना अर्ध्यावर उठू नका.

मी त्याला माफ केलेलं नाही. करणारही नाही. पण समोरच्या घरात स्विच खट् झाला, आणि माझ्यासारखीच एक आज दुपारी निवली. तो पुढच्या दाराकडं वळलाय. अजून दहा राहिल्यात.